परसातल्या तळीतले मासे: दोष दिवडीचा की ढोकरीचा?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न पुन्हा थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. देवरुखजवळ घर, मागच्या परसात जांभ्याच्या चिऱ्यांची १२ बाय ८ फुटांची तळी, पाणी २ फूट. आत एका बाजूला कुंड्या ठेवायला पायरी काढलेली. शिमग्याच्या सुमारास तळीत १४ कोई मासे आणि तीसेक गोल्डफिश होते. अक्षय तृतीयेला मोजले तर ५ कोई आणि ७ गोल्डफिश. सासूबाईंनी दोनदा दिवड, म्हणजे पाण्याकाठी राहणारा साप, पाहिली. शेजारी म्हणतात दिवड मारा, काठाने डांबरगोळ्या टाका आणि वर तंगुसाची, म्हणजे बारीक पारदर्शक नायलॉन दोऱ्याची, जाळी पसरून द्या. गप्पींचं काय करायचं आणि नवीन मासे कधी आणायचे, हेही तुम्ही विचारलंत. जाता जाता तुम्ही आणखी तीन गोष्टी लिहिल्यात: उरलेले पाचही कोई सगळ्यांत मोठे होते तेच आहेत, त्यातल्या एकाच्या पाठीवर खोच पडलीय, आणि काठाच्या चिऱ्यावर चुना सांडल्यासारखे पांढरे डाग आहेत.

प्रश्नापेक्षा या तीन गोष्टीच मला महत्त्वाच्या वाटल्या. माझ्या मते तुमचा मुख्य चोर दिवड नाही, ढोकरी हा छोटा बगळा आहे. शेजाऱ्यांनी सुचवलेल्या तिन्ही उपायांपैकी एकही ढोकरीला नीट अडवत नाही आणि तिन्ही तुमच्या अंगाशी येतील.

मी वीसेक वर्षं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि थोडं गोव्यात घरगुती तळ्या बांधतो, दुरुस्त करतो. मासे गेले म्हणून फोन आला की लोकांनी जाळी आधीच आणलेली असते. चोर कोण हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. बगळ्यासाठी लावलेली जाळी दिवडीला फास ठरते, मांजरासाठी केलेलं कुंपण खंड्याला बसायला दांडी देतं. म्हणून आधी चोर, मग कुलूप.

ढोकरीवर संशय का, ते सांगतो. ढोकरी म्हणजे तो मातकट, पट्ट्यापट्ट्यांचा छोटा बगळा, पुस्तकात वंचक म्हणतात तो. बसलेली असली की चिऱ्याच्या रंगात इतकी मिसळते की तुम्ही तळीवर जाऊन उभ्या राहिलात तरी दिसत नाही. उडाली की पंख एकदम पांढरेशुभ्र दिसतात आणि आपण दचकतो. अंगाने कोंबडीपेक्षा लहान. गळा फार मोठा नसल्यामुळे चार-पाच इंचांपर्यंतचा मासा ती अख्खा गिळते, वीतभर माशावर चोच मारते पण तो गिळता येत नाही. तुमचे लहान कोई गेले, मोठे राहिले, एका मोठ्याच्या पाठीवर खोच पडली. हिशोब जुळतो. राखी बगळा असता, तो कंबरेएवढा उंच, तर मोठे कोई आधी गेले असते. पांढरे डाग बगळ्याच्या शिटेचे आहेत, पातळ, चुन्यासारखे, काठावरून बाहेरच्या बाजूला उडालेले.

आता दिवडीचा हिशोब. सात आठवड्यांत बत्तीस मासे, म्हणजे तीन दिवसांत दोन. एक दिवड इतकं रोजच्या रोज खात नाही. एक चांगला घास मिळाला की ती काही दिवस कुठल्या तरी दगडाखाली पचवत पडून राहते. शिवाय दिवड अनेकदा बेडकांसाठीही आलेली असते. तुमच्या तळीवर रात्रभर दिवा असतो असं लिहिलंय. दिव्यावर किडे, किड्यांवर बेडूक, बेडकांवर दिवड. मासा मिळाला तर सोडत नाही हे खरं, दोन-चार तिच्याही नावावर असतील. पण बत्तीस नाहीत.

आणि मार्चमध्येच सुरुवात का झाली? पावसाळ्यानंतर ओहोळ, पऱ्ये, शेतातली डबकी भरलेली असतात, बगळ्यांना सगळीकडे ताट वाढलेलं असतं. शिमग्यापर्यंत ते सगळं आटतं. मैलभरात उथळ पाणी उरतं ते फक्त तुमच्या परसात, त्यात पांढरे-केशरी मासे, आणि तेही माणसाची सावली पडली की खायला मिळणार म्हणून वर येणारे. फेब्रुवारी ते मे हा पक्ष्यांचा हंगाम. पाऊस लागला की पक्षी पांगतात आणि दिवड, खेकडे, बेडूक यांची पाळी येते. म्हणजे वर्षभर एकच बंदोबस्त पुरत नाही.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका, खात्री करून घ्या. सोपी युक्ती आहे. संध्याकाळी तळीच्या चारही बाजूंना वीतभर रुंदीचा बारीक, चाळलेल्या ओलसर वाळूचा पट्टा पसरा आणि सकाळी कावळे उतरायच्या आत जाऊन बघा. काही जण यासाठी चुलीतली राख किंवा चुना वापरतात. तसं करू नका, दोन्ही क्षारी आहेत आणि वळवाचा एक शिडकावा आला की सगळं तळीत जातं. तीन बोटं पुढे आणि एक लांब बोट मागे असा ठसा दिसला तर बगळा. गोल, नखं न दिसणारा ठसा मांजराचा. नखांसकट पाच बोटं असतील तर मुंगूस, ऊद (पाणमांजर) किंवा घोरपड; घोरपडीच्या ठशांमधून शेपटीची रेघ जाते. नुसतीच नागमोडी रेघ असेल तर साप. घराला वायफाय कॅमेरा असेल तर आठवडाभर तो तळीकडे वळवून ठेवा, सगळ्यात उत्तम.

माशांवरूनही बरंच कळतं. मांजर पुरावा मागे ठेवतं: काठावर खवले, अर्धवट चावलेलं डोकं, कलंडलेली कुंडी. शेपट्या आणि पर कुरतडलेले, तळाशी अर्धा खाल्लेला मासा असं दिसलं तर खेकडा. मासे रात्री तळाशी निवांत असतात तेव्हा तो धरतो. खेकड्याचं खाणं परवडतं, त्याचं बीळ परवडत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या तळीत एका खेकड्यापायी पाणी रातोरात उतरलेलं मी पाहिलंय. गप्पी आणि बोटभर पिल्लंच कमी होत असतील तर खंड्याकडे बघा. तो मासा फांदीवर नेऊन आपटतो, त्यामुळे त्या फांदीखाली शीट आणि बारीक काट्यांच्या गोळ्या सापडतात. पिल्लं रातोरात नाहीशी होत असतील तर चोर पाण्यातलाच असतो: चतुराच्या अळ्या, झुरळाहून मोठे चपटे पाणकिडे, नाहीतर डराव डराव करणारा मोठा बेडूक. तो तोंडात मावेल ते खातो.

एक शक्यता लोक विसरतात, ती म्हणजे कुणी खाल्लेच नाहीत. उन्हाळ्यात रात्री वीज गेली, पंप बंद पडला, पाण्यातला प्राणवायू पहाटेपर्यंत संपला की मासे मरतात, आणि सहा-सात वाजता कावळे येऊन सगळं साफ करतात. तुम्ही आठला जाता तेव्हा तळी रिकामी आणि संशय सापावर. ओळखायचं कसं? प्राणवायू कमी पडला की आधी मोठे मासे जातात, लहान तग धरतात. तुमच्याकडे उलटं झालंय, म्हणून ही शंका मी बाजूला ठेवली. तरी पहाटे एकदा बघा, मासे पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करताहेत का.

आता शेजाऱ्यांचे उपाय.

दिवड मारू नका. पहिली गोष्ट, ती बिनविषारी आहे. चिडली तर चावते, रक्त येतं, जखम धुवावी लागते, पण विष नाही. पिवळसर-हिरवट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्यापासून मागे जाणाऱ्या दोन काळ्या रेघा ही तिची खूण. कोंडीत सापडली की पुढचा भाग उचलून मान चपटी करते, आणि लोक ‘नाग नाग’ म्हणत काठ्या घेऊन धावतात. तुमच्या सासूबाईंनी पाहिलेला साप खरंच दिवड आहे का याची खात्री नसेल तर जवळ जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा गावातल्या जाणत्या सर्पमित्राला बोलवा. दुसरी गोष्ट, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिवड संरक्षित आहे. घोरपड आणि ऊदसुद्धा. फासे, सापळे, विषारी आमिष यांतलं काही केलंत तर माशांच्या किमतीच्या कितीतरी पट भोगावं लागेल.

डांबरगोळ्या, फिनेल, गंधक, कार्बोलिक यांनी साप दूर राहतो ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्याशी भांडून मी दमलो. साप गोळ्यांच्या मधून आरामात जातो. माशांना मात्र तोच पदार्थ मारक ठरतो. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर काठावरच्या गोळ्या वाहून आत गेल्या आणि एका रात्रीत सगळी तळी पांढरी पडली, हे मी एका गिऱ्हाइकाकडे पाहिलंय. त्यांनी दोष सापालाच दिला.

आणि तंगूस. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका तळीवर मी मासेमारीची जुनी तंगुसाची जाळी नुसती अंथरून दिली, कडा दगडांनी दाबल्या. आठ दिवसांनी गेलो तर काठाशी तीन फुटांची दिवड जाळीत रुतून मेलेली. डोकं शिरलं, खवल्यांमुळे मागे येता आलं नाही, जेवढी ओढली तेवढा दोरा आत गेला. पलीकडे एक खंड्या लटकलेला, त्याला ती जाळी दिसलीच नसणार. मासे शाबूत होते. घरातल्या लहान मुलीने ते सगळं आमच्या आधी पाहिलं होतं. त्यानंतर मी सैल, बारीक, पारदर्शक जाळी कुठेही लावलेली नाही.

मग करायचं काय?

या आठवड्यात, फारसा पैसा खर्च न करता: अर्ध्या तळीवर माडाच्या झापांचं छप्पर घाला. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) चार काठ्या आडव्या टाकायच्या, त्यांवर विणलेली झापं, पाण्यापासून फूटभर वर. ढोकरीला वरून मासा दिसत नाही, माशांना सावली मिळते, आणि वैशाखात पाणी तापत नाही हा आणखी फायदा. चुडताचे सुटलेले तुकडे पाण्यात कुजू देऊ नका, बस्स. छप्पर घराकडच्या बाजूला नको, पलीकडच्या कुंपणाच्या बाजूला घाला, म्हणजे उघडी बाजू माणसांच्या नजरेत राहते.

त्याच दिवशी पायरीवरच्या कुंड्या हलवा. तुमच्या तळीत मला सगळ्यात जास्त खटकली ती ही पायरी. लोक हौसेनं पायरी काढतात, तिच्यावर कमळाच्या कुंड्या ठेवतात, आणि ढोकरीला बसायला पाट मांडून देतात. ती कुंडीच्या काठावर उभी राहते, मान आखडून घेते आणि वाट बघते. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, हलतच नाही. कुंड्या तळाला खोल बाजूला उतरवा. पायरीवर टोकदार चिरे उभे रचा, असे की तिथे पाय नीट टेकता येऊ नये पण फटींतून मासे जातील.

लपायला जागा द्या. कुठल्याही जाळीपेक्षा माझा भरवसा यावर जास्त आहे. जुन्या घरांवरचे अर्धगोल नळे कुणाकडे पडून असतील तर दहा-पंधरा आणा, तळाशी पालथे घाला, गोल्डफिश त्यांच्याखाली जातात. कोईंसाठी ६ इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचे दोन-दोन फुटांचे तुकडे, दोन्ही तोंडं उघडी. एक तोंड बंद ठेवलंत तर तो पिंजरा होतो, सापाला आयताच मिळतो. पाइप काठापासून दूर, मध्यावर ठेवा. कुमुदिनीच्या पानांनी पृष्ठभाग अर्धा झाकला गेला तर उत्तम, पण अर्ध्यावर थांबा. झाडं रात्री प्राणवायू वापरतात आणि सगळं पाणी पानांनी भरलं की पहाटेची अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेता.

खाणं देण्याची वेळ बदला. बगळे पहाटे आणि दिवेलागणीला येतात, तुम्हीही नेमकं त्याच वेळी खाणं टाकताय. मासे भुकेले, वर आलेले, आणि काठावर दोन पाय दिसले की जवळ येणारे. ते पाय कुणाचे हे त्यांना कळत नाही. सकाळी दहा-अकराला, परसात धुणीभांडी चालू असताना, झापांच्या छपराखाली खाणं टाका. आठवडाभरात मासे तिथेच घोटाळायला लागतील. तळीवरचा रात्रीचा दिवा बंद करा, किडे-बेडूक-दिवड ही साखळी तिथेच सुटते.

पावसाआधी महिनाभराचं काम म्हणजे काठ. दोन फूट खोली कमी आहे, तीन फुटांखाली मी नवीन तळी बांधतच नाही. तुमची तोडायची गरज नाही. भिंतींवर चिऱ्याचा एक थर चढवा, आतून सरळ उभा गिलावा करा आणि सगळ्यात वरचा चिरा आतल्या बाजूला, पाण्यावर, तीन-चार बोटं पुढे काढा, पागोळीसारखा. पाणी साताठ इंचांनी वाढेल. मासे त्या पुढे आलेल्या चिऱ्याखाली सावलीत राहतात, आणि काठावर उभ्या पक्ष्याला ते दिसत नाहीत. नव्या सिमेंटचं पाणी तीन-चारदा भरून सोडल्याशिवाय मासे आत टाकू नका, सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो. तोवर मासे प्लास्टिकच्या टाकीत, वर ओलं गोणपाट आणि हवेचा पंप. तुमची तळी साधारण साडेपाच हजार लिटरची होती, १४ कोई वाढल्यावर तिथे दाटी होणारच होती, हेही जाता जाता.

जाळी लावायचीच असेल, आणि उन्हाळ्यातले चार महिने तरी लावावी असं मीही म्हणेन, तर अशी लावा. काळी, जाड दोऱ्याची, उन्हात टिकणारी, एक इंच घराची जाळी. खाली चिव्याची किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाची चौकट, आणि जाळी खाटेच्या नवारीसारखी ताणलेली. पाण्यापासून किमान फूट-दीड फूट वर, कारण सैल जाळी लोंबली की ढोकरी तिच्यावर बसून जाळीतूनच चोच मारते. नियम एकच: मऊ जाळी जमिनीला टेकता कामा नये. खालचे दीड-दोन फूट बाजूने पूर्ण बंद करायचे ते गुळगुळीत पत्र्याने किंवा ६ मिलिमीटर घराच्या ताठ वेल्डमेशने (वेल्डिंग केलेल्या लोखंडी जाळीने), तळ वीतभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवलेला. दिवड बाहेरून भिंतीशी येते, वर चढायला आधार मिळत नाही, डोकं घालायला भोक मिळत नाही, आणि निघून जाते. कुंपणाला टेकलेली झाडाची फांदी किंवा रेललेली काठी ठेवलीत तर हे सगळं फुकट.

जाळी नको असेल तर काठाभोवती दोरीचे दोन पदर लावा, एक ६ इंचांवर, दुसरा फूटभर उंचीवर, काठापासून वीतभर बाहेर. बगळा शक्यतो थेट पाण्यात उतरत नाही. बाजूला उतरतो आणि चालत येतो, पायाला दोरी लागली की बिचकतो. इथे जाड सुतळी किंवा नायलॉनची रंगीत दोरी घ्या, ताणून बांधा, मध्ये मध्ये कापडाच्या चिंध्या बांधा. ढोकरी हलकी असल्यामुळे कधी कधी थेट कुंडीवर उतरते, म्हणून कुंड्या हलवल्याशिवाय दोरीचा उपयोग अर्धाच.

सिमेंटचा बगळा ठेवू का, असं हमखास विचारतात. कल्पना अशी की एक बगळा दिसला की दुसरा येत नाही. आपल्याकडचे बगळे शेतात नांगरामागे घोळक्याने फिरतात, दुसरा बगळा दिसला म्हणजे इथे खायला आहे असाच अर्थ ते घेत असावेत. मी एकाकडे असा पुतळा बसवला होता. पंधरा दिवसांनी मालकाने फोटो पाठवला, पुतळ्याच्या डोक्यावर ढोकरी. चकाकत्या पट्ट्या, जुन्या सीडी, बुजगावणं यांचाही परिणाम काही दिवसांचाच, जागा रोज बदललीत तर थोडा जास्त. कुत्रा असेल तर त्याच्या झोपायची जागा तळीजवळ करा. हा उपाय पक्षी, मांजर, मुंगूस सगळ्यांना चालतो.

उदाविषयी वेगळं सांगायला हवं, कारण नदी-ओहोळाच्या काठी घर असणारेही हे वाचत असतील. आधी नावाचा घोळ मिटवू. ऊद, हूद, पाणमांजर हा पाण्यात राहणारा मासेखाऊ प्राणी. उदमांजर म्हणजे कांडेचोर, तो माळ्यावर धुडगूस घालतो, फळं खातो, तळीतल्या माशांशी त्याचं फार देणंघेणं नाही. नाव सारखं म्हणून बिचारा उगाच बदनाम. ऊद येतो तेव्हा मात्र शंका राहत नाही. एका रात्रीत मोठे मासे गायब, पाणी गढूळ, झाडं उपटलेली, आणि काठावर खवल्यांनी भरलेली उग्र वासाची विष्ठा. एकटा क्वचितच येतो, कुटुंब घेऊन येतो. गोव्याच्या सीमेजवळ नदीकाठच्या एका बागेत चाळीसेक रोहू-कटला एका रात्रीत गेले होते, मालक मानायलाच तयार नव्हते की हे माणसाचं काम नाही. उदाला दोरी, झाप, बुजगावणं काही लागू पडत नाही. चार फूट उंच वेल्डमेश, फूटभर पुरलेली, आणि पाणी येण्या-जाण्याची तोंडंसुद्धा जाळीने बंद, एवढं केलंत तरच. नाहीतर रात्री तळीवर लोखंडी झाकण. तुमचं घर डोंगरउतारावर आहे, तुम्हाला ही चिंता कमी.

तारेत वीज सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. घरची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि दरवर्षी आपल्याकडे अशा तारेला चिकटून शेतकरी, गुरं, वन्यप्राणी मरतात. तळीच्या काठी ओल्या जमिनीवर तर विचारच नको.

पावसाळ्याचं थोडक्यात. पहिल्या जोराच्या सरींत चढणीचे मासे ओहोळातून वर येतात, तुमच्याकडे वलगण म्हणत असतील. तळीचा जादा पाण्याचा नळ ओहोळाला किंवा गटाराला जोडलेला असेल तर त्याच्या तोंडाला जाळी बसवा. मरळीचं एखादं पोर आत आलं तर वर्षभरात तीच तळीची मालकीण होते, आणि तुम्ही बाहेर पक्षी हाकलत बसता. कौलाच्या पन्हळीचं पाणी तळीत सोडू नका. खेकड्यांसाठी भिंतीच्या फटी आत्ताच बुजवून घ्या. पावसात झापं काढून टाका, कुजतात.

पाठीवर खोच असलेला कोई आत्ताच वेगळा करा. शंभरेक लिटरचा टब, तळीचंच पाणी, हवेचा पंप, आणि लिटरला ३ ग्रॅम या हिशोबाने साधं खडेमीठ, आयोडीनवालं नको. मीठ आधी विरघळवून दिवसभरात दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला, सगळं एकदम नको. हे मीठ तळीत टाकू नका, झाडं मरतील. टबावर झाकण हवं. जखमी कोई उड्या मारतात. जखमेभोवती पांढरी कापसासारखी बुरशी दिसली किंवा खवले उभे राहिले तर मत्स्यविभागाच्या किंवा पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा.

गप्पींचं विचारलंत. ते डासांसाठी सोडले असतील तर त्यांच्यासाठी जाळी वगैरे काही करू नका. ते इतक्या वेगाने वाढतात की खंड्याने रोज चार नेले तरी कळत नाही, आणि सकाळी चहा घेताना परसात खंड्या बघायला मिळतो. माझ्या स्वतःच्या तळीत एक कोपरा त्याच्यासाठी मोकळा आहे, वर वाळकी फांदीसुद्धा रोवलीय. एवढंच करा, की जास्त झालेले गप्पी किंवा गोल्डफिश ओहोळात सोडू नका.

शेवटचा प्रश्न, नवीन मासे कधी आणायचे. आत्ता नको. बगळा जागा विसरत नाही, महिनाभर तरी येऊन बघून जाईल. आहेत त्या बारांवर बंदोबस्ताची परीक्षा होऊ द्या. काठाचं काम झालं, पाऊस ओसरला, ओहोळ भरलेले आहेत तोवर, म्हणजे गणपतीनंतर आणा; तेव्हा बगळ्यांना बाहेर भरपूर खायला असतं आणि नवे मासे रुळायला चार-पाच महिने मिळतात. कोई वीतभर लांबीचेच घ्या, दोन-तीनच घ्या, आणि त्यात एखादा काळपट रंगाचा असू द्या.

आणि वाळूवरचे ठसे नीट दिसले तर फोटो पाठवा. शेजारी काडेपेटी ठेवून काढा, म्हणजे आकार कळतो.